‘एसइओ-रेडी’ डोमेन पॅक : चार महिने वापरला, परत जुन्या नावावर आले, आता लिहितेय

दीड स्टार. त्यातला एक सपोर्टवाल्या मुलाला, कारण तो बिचारा रात्री साडेअकरालाही चॅटवर उत्तर देत होता, आणि अर्धा ह्यासाठी की डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, खरंच माझ्या नावावर झालं, पैसे घेऊन गायब झाले असं काही नाही. बाकी पॅकमध्ये रँकिंगच्या नावाखाली, म्हणजे गूगलवर वर दिसण्यासाठी (ह्या खटपटीलाच एसइओ म्हणतात), जे जे विकलं त्यातलं एकही चाललं नाही आणि एक गोष्ट तर चांगलीच अंगाशी आली. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाहीये. असे पॅक विकणारे ढिगाने आहेत, सगळ्यांची भाषा सारखीच, तुमच्याकडे कोणी दुसराच येईल.

आधी माझं काय ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. घरगुती शिलाई मशीन घरच्या घरी कसं दुरुस्त करायचं ह्यावर माझी साइट आहे, सहा वर्षं झाली. नाव बॉबिनबाई डॉट कॉम. मैत्रिणीने चेष्टेत ठेवलेलं नाव, मी त्या दिवशी हातात बॉबिन (मशीनच्या खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) घेऊन कोणाला तरी व्हिडिओवर समजावत होते म्हणून, आणि दुसरं काही सुचेना तर तेच घेऊन टाकलं. साइटवर सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान म्हणजे ‘कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता का होतो’. गुंता खाली दिसतो म्हणून लोक खालच्या बॉबिन केसचा स्क्रू फिरवत बसतात आणि बहुतेक वेळा चूक असते वरच्या दोऱ्यात, तो दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो कारण ओवताना दाबपट्टी खाली होती. दाबपट्टी वर घ्या, दोरा पुन्हा ओवा, संपलं. एवढंच पान आहे, आठ फोटो, पण गूगलवर ते आठव्या-नवव्या नंबरवर अडकून बसलेलं आणि माझा जीव त्यात अडकलेला. पहिल्या तिनात यावं असं वाटायचं. साहजिक आहे.

अशा वेळी बरोबर मेल येते. ‘तुमच्या साइटचं ऑडिट केलं, सगळं छान आहे, फक्त डोमेन नेम तुम्हाला मागे खेचतंय.’ सोबत पीडीएफ, त्यात गाडीच्या स्पीडोमीटरसारखं चित्र आणि काटा लाल भागात. मी फोनवर बोलले तेव्हा समोरचा म्हणाला, ‘मॅडम, बॉबिनबाई म्हटल्यावर गूगलला काय कळणार तुमचं काम काय आहे? गूगल कीवर्ड बघतो.’ आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ते पटलं. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं ना. दुकानाच्या पाटीवर दुकानात काय मिळतं ते लिहिलेलं असावं, तसं.

पॅकमध्ये होतं हे: एक कीवर्डवालं (लोक सर्चमध्ये टाकतात ते शब्दच नावात असलेलं) डॉट कॉम, तीन डॅश असलेलं, म्हणजे सिलाई-डॅश-मशीन-डॅश-रिपेअर-डॅश-गाइड असं इंग्रजी स्पेलिंगमध्ये, तेही १० वर्षांसाठी आगाऊ भरलेलं. एक ‘१४ वर्षं जुनं हाय-ऑथॉरिटी डोमेन’, माझ्या साइटकडे वळवायला. एक डॉट गाइड एक्स्टेन्शनवालं, म्हणजे शेवटी डॉट कॉमऐवजी डॉट गाइड असलेलं, बोनस म्हणून. आणि एसएसएल, म्हणजे पत्ता एचटीटीपीएसचा करणारं सुरक्षेचं सर्टिफिकेट, जे माझ्याकडे आधीच होतं आणि आजकाल सर्टिफिकेट फुकट मिळतं, त्यामुळे त्यावर मी बोलतच नाही. एचटीटीपीएसला रँकिंगमध्ये हलकंसं वजन आहे असं गूगलने २०१४ मध्येच सांगून टाकलंय, पण तो फायदा मला आधीपासून मिळतच होता, त्यांनी पॅकमध्ये टाकून वेगळं काय दिलं?

तर कीवर्डवालं डोमेन. ही कल्पना हवेतून आलेली नाही, हे विक्रेत्याच्या बाजूने बोलायला पाहिजे. एके काळी हे खरंच चालायचं. लोक सर्चमध्ये जे शब्द टाकतात तेच जसेच्या तसे जोडून डोमेन घ्यायचं, त्याला एक्झॅक्ट मॅच डोमेन म्हणतात, आणि आत चार फालतू पानं टाकली तरी साइट वर दिसायची. ह्यात नुसत्या नावाची जादू नव्हती. कोणी तुमच्या साइटला लिंक दिली की बहुतेक वेळा साइटचं नावच लिहितात, आणि नावच कीवर्ड असेल तर प्रत्येक लिंकच्या अँकर टेक्स्टमध्ये, म्हणजे ज्या शब्दांवर क्लिक करायचं त्यात, आपोआप कीवर्ड जातो, काही न करता. गूगलच्या वेबस्पॅम टीमचे मॅट कट्स २०११ मध्ये एका व्हिडिओत म्हणाले होते की डोमेनमधल्या कीवर्डला आपण जरा जास्तच भाव देतो अशा तक्रारी येतायत आणि ते वजन कमी करायचा विचार आहे. मग २८ सप्टेंबर २०१२ ला त्यांनी ट्विट करून जाहीर केलं की हलक्या दर्जाच्या एक्झॅक्ट मॅच डोमेनांना खाली ढकलणारा बदल येतोय, अमेरिकेतल्या इंग्रजी सर्चपैकी ०.६ टक्के सर्चवर फरक जाणवेल. म्हणजे मला जे विकलं गेलं त्याची एक्स्पायरी डेट २०१२ ची होती आणि मी ते आत्ता घेतलं. दुधाची पिशवी घेताना तारीख बघते मी, इथे नाही बघितली.

बरं, ह्याचा अर्थ कीवर्डवालं डोमेन असलं की शिक्षा होते असाही नाही, बरेच जण असंही ठोकून सांगतात. शिक्षा नाही, बक्षीसही नाही, म्हटलं तर चालेल. गूगलची स्वतःची सुरुवात करणाऱ्यांसाठीची एसइओ गाइड आहे, २०२४ च्या सुरुवातीला ती नव्याने लिहिली, त्यात ‘ह्या गोष्टींवर डोकं घालवू नका’ अशा अर्थाचा एक भागच आहे आणि त्यात डोमेनमधले कीवर्ड आहेत. रँकिंगच्या दृष्टीने त्यांचा परिणाम जवळजवळ नाहीच, फक्त निकालात पत्त्याच्या ओळीत ते दिसतात इतकंच, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. मी हे वाचलं तिसऱ्या महिन्यात. पहिल्या दिवशी वाचायला पाच मिनिटं लागली असती.

आता मजा ऐका. ‘निकालात दिसतात’ हाही फायदा मला नाही मिळाला. गूगल हल्ली निकालात वर साइटचं नाव दाखवतं, छोट्या आयकॉनच्या बाजूला, आणि पत्ता त्याच्या खाली बारीक अक्षरात. हे साइटचं नाव ते होमपेजवरून उचलतं, तिथला स्ट्रक्चर्ड डेटा (गूगलसाठी कोडमध्ये लिहिलेली माहिती), टायटल वगैरे. मी डोमेन बदललं पण होमपेजवरचं नाव बदलायचं विसरले, खरं तर जीवावर आलं होतं. त्यामुळे इतकं सगळं करून निकालात ठळक काय दिसत होतं, तर ‘बॉबिनबाई’. सपोर्टला हे सांगितलं तर म्हणे मॅडम तेही बदला, सिलाई मशीन रिपेअर गाइड करा. म्हटलं नको.

हलवाहलव कशी केली ते जरा सविस्तर सांगते कारण कोणाला खरंच कधी डोमेन बदलावं लागलं तर उपयोगी पडेल. जुन्या प्रत्येक पानावरून नव्या त्याच पानावर ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे कायमचं वळवणं, सगळं उचलून होमपेजवर नाही टाकायचं, पानाला पान जुळलं पाहिजे. साइटमधल्या लिंका, कॅनॉनिकल (पानाचा मुख्य पत्ता कोणता ते सांगणारी खूण), साइटमॅप (सगळ्या पानांची यादी) सगळं नव्या पत्त्याने. मग सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साइट सर्चमध्ये कशी चाललीये ते दाखवणाऱ्या गूगलच्या टूलमध्ये, दोन्ही डोमेन आपल्या नावावर सिद्ध करून ‘चेंज ऑफ ॲड्रेस’ टूलने गूगलला कळवायचं. रिडायरेक्ट किमान एक वर्ष तरी ठेवा असं गूगल सांगतं, आणि माझं म्हणणं जुनं डोमेन सोडूच नका, कधीच. विक्रेत्याने मला सहा महिन्यांनी जुनं सोडून द्या, उगाच कशाला भरताय, असा सल्ला दिला होता. तो ऐकला असता तर आज हे लिहायच्या ऐवजी डोकं धरून बसले असते.

हे सगळं मी एका रात्रीत केलं, पहाटे चारला झोपले, नीट झालं होतं, एकही पान तुटलं नाही ह्याचा मला अजून अभिमान आहे. आणि मग वाट बघणं. पहिल्या आठवड्यात गुंत्याचं पान नवव्यावरून चौदाव्यावर गेलं. साइट हलवली की गूगल सगळी पानं पुन्हा फिरून बघतं तोवर वर-खाली होतंच, ते मला माहीत होतं, तरी रोज सकाळी चहाच्या आधी सर्च कन्सोल उघडायची सवय लागली, वाईट सवय. सहाव्या-सातव्या आठवड्यात ते पान परत नवव्यावर आलं. आणि तिथेच थांबलं. नववं होतं, नववं राहिलं. तीन डॅश आणि चार कीवर्ड घालून मी गोल फिरून त्याच जागी उभी.

पण रँकिंग जिथल्या तिथे राहिलं तरी बाकी गोष्टी जिथल्या तिथे राहिल्या नाहीत, आणि ह्याबद्दल मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

एक म्हणजे फोनवर पत्ता सांगून बघा. ‘सिलाई डॅश मशीन डॅश…’ ‘डॅश कुठला, खालचा की मधला?’ ‘मधला.’ ‘तो कुठे असतो कीबोर्डवर?’ खालचा डॅश, म्हणजे अंडरस्कोअर, डोमेन नावात चालतच नाही, फक्त अक्षरं, आकडे आणि मधला डॅश, पण हे ऐकणाऱ्याला कशाला माहीत असेल. माझी आत्या, जी माझी सगळ्यात निष्ठावान वाचक, ती म्हणाली, ‘ते तुझं डॅशवालं मला नाही जमत गं, बाईच बरी होती.’ मी हसण्यावारी नेलं. मग लक्षात आलं की लोक डॅश गाळून टाइप करतात, आणि बिनडॅशचं ते डोमेन भलत्याच कोणाचं तरी आहे, त्यावर साइटपण नाही, नुसत्या जाहिराती लावून ठेवल्यात. म्हणजे तोंडी पत्ता सांगून जे येणार ते थेट त्याच्या जाहिरातींवर. मी फुकटात त्याची मार्केटिंग करत होते! कीवर्डवालं डोमेन घेताना डॅशवालं स्वस्तात आणि सहज का मिळतं त्याचं कारण हेच, बिनडॅशचं कोणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वीच दाबून ठेवलेलं असतं.

दुसरं, शिवणकाम शिकवणाऱ्या एका बाईंनी माझी लिंक त्यांच्या ग्रुपवर टाकली तर खाली दोघींनी विचारलं, ही फेक साइट आहे का, क्लिक करू का नको. तीन डॅशवाला पत्ता बघून मलाही तसंच वाटलं असतं. गूगलला डॅश चालतात, त्याला काही वावडं नाही, पण माणसाच्या डोळ्याला खटकतात, बँकेच्या नावाने येणाऱ्या खोट्या मेसेजमधले पत्ते असेच असतात ना.

आणि तिसरं, ज्याने माझी खरी झोप उडाली. सर्च कन्सोलमध्ये लोक काय शब्द टाकून येतात त्याची यादी असते, मी नेहमी वरची चार-पाच बघायचे, गुंता, सुई तुटणे, टाके सुटणे वगैरे. एका रविवारी पूर्ण यादी उतरवून घेतली आणि जुन्या महिन्यांची नव्याशी ताडून बघितली. तर जुन्या महिन्यांमध्ये बॉबिन बाई, बॉबिनबाई, बोबीन बाई, बाईमध्ये एक ए, बाईमध्ये दोन ए, देवनागरीत, रोमनमध्ये, ‘बॉबिन बाई सुई कशी बसवायची’, ‘बॉबिनबाई तेल कुठे घालायचं’ असे इतके प्रकार की सगळे एकत्र केले तर गुंत्याच्या खालोखाल तेच. लोक गूगलला प्रश्न विचारत नव्हते, मला विचारत होते, गूगल मधला पोस्टमन. आणि नाव बदलल्यापासून हे सर्च महिन्यागणिक कमी होत चाललेले. ज्या नावाचा गूगलला काही अर्थ लागत नाही असं मला सांगण्यात आलं होतं त्या नावाला कॉम्पिटिशनच नव्हती, ते टाकलं की पहिला नंबर माझाच, कायम. ‘सिलाई मशीन रिपेअर गाइड’ असं कोणी माझी आठवण काढून टाइप करणार आहे का? ते कोणाचंही नाव असू शकतं. म्हणजेच कोणाचंच नाही. उद्या कोणी ते शब्द टाकले तरी गूगलला कसं कळावं की हिला ही ठराविक साइट हवीये, ते आपलं सगळ्यांच्या दुरुस्तीच्या गाइड दाखवणार.

आता जुन्या डोमेनचा किस्सा, हे आख्ख्या पॅकमधलं सगळ्यात वाईट. ‘१४ वर्षं जुनं, ऑथॉरिटी ३८.’ ही ऑथॉरिटी म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, मॉझ नावाच्या कंपनीने बनवलेला १ ते १०० चा आकडा, त्यांच्या स्वतःच्या अंदाजासाठी. आकडा म्हणून त्यात वाईट काही नाही, दोन साइटची तुलना करायला बरा असतो, पण गूगल तो वापरत नाही, त्याचा गूगलशी काही संबंधच नाही. विकणारे मात्र जणू गूगलनेच मार्कशीट दिल्यासारखं सांगतात.

वयाचं म्हणाल तर गूगलवाल्यांनी अनेकदा सांगितलंय की डोमेनचं वय हा मुद्दाच नाही. जुन्या साइट वर दिसतात कारण इतक्या वर्षांत त्यांच्यावर लिहून ठेवलेलं असतं, लोकांनी लिंका दिलेल्या असतात. नुसती नोंदणीची तारीख जुनी असून काय उपयोग? आणि इथे तर ती तारीखही जुनी नव्हती. मी नोंदणीची माहिती काढली, ज्याला इतकी वर्षं आपण हूइज म्हणत आलो, तर त्यात ‘क्रिएशन डेट’ गेल्या वर्षीची. आधी वाटलं मीच चुकून दुसरं नाव टाकलं. मग कळलं की मूळ मालकाने रिन्यू केलं नाही, मुदत संपली, त्यानंतरची सोडवून घ्यायची मुदतही संपली, डोमेन पूर्ण मोकळं झालं आणि मग कोणीतरी नव्याने घेतलं. असं मोकळं होऊन पुन्हा नोंदवलं की जन्मतारीख नवी पडते. सपोर्टला विचारलं, तो म्हणाला ‘मॅडम, हिस्ट्री १४ वर्षांची आहे.’ बरं बाबा, म्हटलं हिस्ट्रीच बघू.

वेबॅक मशीनवर टाकलं. हे फुकट आहे, जुन्या साइट कोणत्या तारखेला कशा दिसत होत्या ते दाखवतं, आणि डोमेन विकत घ्यायच्या आधी बघायचं असतं, घेतल्यानंतर चार आठवड्यांनी नाही. तर आधी अनेक वर्षं ती एका गायनवृंदाची साइट. पांढरे शर्ट घालून उभी असलेली माणसं, कार्यक्रमांच्या तारखा, इतकी साधी सुंदर साइट की मला वाईटच वाटलं. मग मध्ये काही वर्षं काहीच नाही. आणि मग एकदम जुगार. ऑनलाइन पत्ते, बोनस, स्पिन, भडक लाल-सोनेरी पानं, तीही धड कोणत्या भाषेतली कळेना. आणि हे डोमेन मी महिनाभर माझ्या शिलाई मशीनच्या साइटकडे वळवून ठेवलेलं. सर्च कन्सोलच्या लिंक रिपोर्टमध्ये कोण कुठल्या शब्दांवर लिंक देतंय ते दिसतं, एरवी तिथे ‘बॉबिन’, ‘ही साइट’, ‘इथे बघा’ असलं काही असतं, आता तिथे बेटिंगचे शब्द! त्याच रात्री रिडायरेक्ट काढून टाकला. मॅन्युअल ॲक्शनचं पान, जिथे गूगलच्या माणसांनी साइटला शिक्षा केली तर कळतं, ते पुढे महिनाभर धडधडत्या छातीने उघडायचे, सुदैवाने तिथे काही आलं नाही.

मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमच्या नियमांमध्ये एक्स्पायर्ड डोमेनचा गैरवापर हे वेगळं कलमच घातलंय. मुदत संपलेलं डोमेन मुख्यतः रँकिंग फिरवण्यासाठी घेऊन त्यावर वाचणाऱ्याच्या काही कामाचा नाही असा मजकूर टाकणं म्हणजे स्पॅम. जुनं डोमेन घेऊन त्यावर खरंच नवी चांगली साइट उभी केली तर हरकत नाही, असंही तिथेच लिहिलंय. पण मला ज्या भाषेत हे विकलं, ‘ह्याची ताकद तुमच्याकडे येईल’, ती भाषा आणि गूगलचं ते कलम शेजारी ठेवून वाचा, मग कळेल काय प्रकारचं काम माझ्या हातून करवून घेत होते. गायनवृंदाला लिंक दिलेल्या संगीताच्या साइटचा बॉबिन केसशी संबंध काय, हा साधा प्रश्न मलाही पडला नाही हे कबूल.

१० वर्षांच्या नोंदणीचं गंमतशीर आहे. ‘जास्त वर्षांची नोंदणी केली की गूगलचा विश्वास वाढतो.’ ह्या समजुतीचा उगम सापडतो, गूगलच्या एका पेटंटमध्ये, अर्ज २००३ चा. त्यात असं काहीसं लिहिलंय की चांगल्या साइटचे मालक अनेक वर्षांचे पैसे आधी भरतात आणि फसवी डोमेनं सहसा वर्षभरच वापरली जातात, तर हाही एक संकेत होऊ शकतो. बस, तेवढ्या ओळींवर वीस वर्षं धंदा चाललाय. पेटंटमध्ये हजार गोष्टी लिहून ठेवतात, त्या सगळ्या वापरतात असं थोडीच असतं. १० वर्षं भरण्याचा खरा फायदा इतकाच की रिन्यू करायचं विसरून डोमेन हातचं जात नाही, आणि विसराळू असाल तर तो फायदा मोठाच आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. रँकिंगचा म्हणून विकू नका ना पण.

डॉट गाइडवर दोन ओळी. नवी एक्स्टेन्शन्स आली तेव्हा, २०१५ च्या जुलैमध्ये, गूगलने स्पष्ट केलं की त्यांना बाकीच्यांसारखंच वागवतो आणि एक्स्टेन्शनमधल्या शब्दाचा ना फायदा ना तोटा. देशांची एक्स्टेन्शन्स वेगळी, म्हणजे डॉट डीई असलं की गूगल समजतं हे जर्मनीतल्या लोकांसाठी आहे, तिथे थोडा फरक पडतो, तोही हलकाच. त्यातही डॉट आयओ, डॉट टीव्ही, डॉट एआय ही खरं तर एकेका छोट्या बेटांच्या प्रदेशांची, पण सगळं जग वापरतं म्हणून गूगल त्यांना जनरलच धरतं. बोनसमधलं डॉट गाइड तसंच पडून आहे, त्याच्याबद्दल राग नाही, लोभ नाही.

आपल्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायची राहिली. मराठी शब्दाचं डोमेन घेणार असाल तर कीवर्डपेक्षा स्पेलिंगचा विचार करा. ज्ञान कोणी डी-एन-वाय ने लिहितो, कोणी जी-वाय ने. ळ साठी एल, झ साठी झेड की जे-एच, ह्यावर घरातल्या दोघांचं जमत नाही तर वाचकांचं कुठून जमणार. थेट देवनागरीत डोमेन घेता येतं, गूगलला ते नीट समजतं, पण आतून ते एक्स-एन-डॅश-डॅश ने सुरू होणाऱ्या अगम्य इंग्रजी अक्षरांमध्ये बदललेलं असतं आणि कॉपी-पेस्ट केलं की कधी कधी तेच रूप समोर येतं, ज्याला लिंक पाठवली तो घाबरतो. मी ते घ्यायचा विचार केला होता, सोडून दिला. बॉबिनबाईच्या बाबतीत मी शेवटी बाईमध्ये दोन ए असलेलं डोमेनही घेऊन ठेवलं आणि मुख्य साइटकडे वळवलं. ह्याने रँकिंगला काही होत नाही, पण चुकून टाइप करणारी आत्या तरी घरी पोचते.

सर्व्हिसबद्दल उरलेलं पटकन. डोमेन दोन दिवसांत खात्यात आलं, ठीक. मी ते माझ्या नेहमीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, न्यायला गेले तर ६० दिवस हलवता येणार नाही म्हणाले, जो नियम नव्याने नोंदवलेल्या डोमेनला सर्रास लागतो, पण विकताना कोणी तोंडातून काढलं नाही. ऑडिटची ती पीडीएफ मी नंतर एका मैत्रिणीच्या पीडीएफशी ताडली, तिची साइट कुंड्या आणि बागकामाची. काटा त्याच जागी, वाक्यं तीच, फक्त साइटचं नाव वेगळं. रिफंड मागितला नाही, डोमेन दिलंय त्यांनी, काय म्हणून मागणार.

कोणी घ्यावं? नवीन साइट काढताय, नाव काहीच ठरलेलं नाही, आणि छोटं, बोलता येईल असं, बिनडॅशचं नाव ज्यात कामाचा एखादा शब्द सहज बसतोय असं मिळत असेल तर जरूर घ्या, वाचणाऱ्याला पटकन कळतं, निकालात क्लिक करताना बरं वाटतं. त्यासाठी पॅक लागत नाही, कुठल्याही रजिस्ट्रारकडे दहा मिनिटांचं काम आहे. चालती साइट असेल तर ह्यांच्या नादी लागून नाव बदलू नका बाई.

परत कशी आले ते सांगून थांबते. ‘चेंज ऑफ ॲड्रेस’ची विनंती रद्द केली, रिडायरेक्ट उलटे फिरवले, पुन्हा एक रात्र जागून काढली, ह्या वेळी अभिमान वगैरे काही नाही, नुसतीच झोप येत होती. परत चढ-उतार, परत सहा आठवडे. त्या दरम्यान रिकाम्या हातांनी काय करायचं म्हणून गुंत्याचं पान पुन्हा लिहायला घेतलं. दाबपट्टी खाली असताना आणि वर असताना टेन्शनच्या चकत्यांमधली फट कशी दिसते त्याचे अगदी जवळून दोन फोटो काढले, त्यासाठी मशीनचं पुढचं झाकण उघडून भिंगाखाली धरावं लागलं, आणि वाचकांनी विचारलेल्या सहा प्रश्नांची उत्तरं घातली. ते पान आता पाचव्यावर आहे. नवे फोटो की गूगलचं आपलंच काही, मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण डोमेन तेच जुनं आहे एवढं नक्की.

डॅशवालं डोमेन १० वर्षांचं भरलेलं असल्यामुळे ते अजून बराच काळ माझ्याकडेच राहणार, सध्या बॉबिनबाईकडे वळवलेलं आहे. कोणाला हवं असेल तर सांगा, तीन डॅश फुकट.